निळ्या रंगावरून मातीतील स्फुरदाचे मापन

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात गोदावरी, प्रवरा व मुळा या नद्यांच्या काठी काळ्या, चुनखडीयुक्त जमिनी पुष्कळ आहेत. अशा जमिनीत घातलेला बराचसा स्फुरद चुन्याशी संयोग पावून अडकून पडतो. पिकास प्रत्यक्ष किती मिळेल, हे माती परीक्षणावाचून कळत नाही.

या जमिनींस ओल्सेन यांची 1954 सालची पद्धत योग्य होय. अडीच ग्रॅम माती 50 मिलिलिटर सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात अर्धा तास हलवून गाळतात. गाळलेल्या द्रावणात आम्ल, अमोनियम मॉलिब्डेट आणि ॲस्कॉर्बिक आम्ल (आवळ्यातील ‘क’ जीवनसत्त्व ते हेच) घातले असता निळा रंग उमटतो. स्फुरद जितका अधिक, तितका रंग गडद.

रंगाच्या छटा ओळखण्यात डोळा फसतो. म्हणून हे काम यंत्राकडे सोपवितात. निळे द्रावण तांबडा प्रकाश शोषून घेते. यास्तव काचेच्या लहान नळीतील द्रावणातून तांबडा प्रकाश सोडून पलीकडे किती पोचला ते यंत्र मोजते. निम्मा प्रकाश पोचला तर शोषणाचा आकडा 0.30 येतो. स्फुरद दुप्पट असेल तर निम्म्याचा निम्मा, म्हणजे पावच प्रकाश पोचतो व आकडा 0.60 होतो. लांबर्ट (1760) व बिअर (1852) यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम तो हाच. स्फुरदाचे प्रमाण ठाऊक असलेली द्रावणे आधी मोजून आलेख काढतात व त्यावरून नमुन्यातील प्रमाण ठरवितात. द्रावण फार गडद झाल्यास नियम नीट लागू पडत नाही. ते पातळ करून पुन्हा मोजावे लागते.

निळा रंग जमिनीतील स्फुरदाचा की थैलीस चिकटलेल्या खताचा, हे मात्र यंत्रास कळत नाही. एक ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये 160 मिलिग्रॅम स्फुरद असतो. उलट, स्फुरद कमी असलेल्या अर्धा किलो मातीत, खताच्याच हिशेबाने, उपलब्ध स्फुरद जेमतेम पाच मिलिग्रॅम भरतो. खताच्या रिकाम्या गोणीतून नमुना पाठविला, तर अहवालात ‘स्फुरद भरपूर’ असे येईल. शेतकरी त्यावर विसंबून खत कमी करील आणि उसाची मुळे व फुटवे खुंटतील. चूक ध्यानात येईपर्यंत हंगाम गेलेला असतो.

म्हणून नमुना खत घालण्यापूर्वी, शेणखताचा ढीग, बांध व झाडाखालची जागा टाळून घ्यावा. खताचे घमेले वापरू नये. माती सावलीत वाळवून स्वच्छ कापडी पिशवीत भरावी व शेतकऱ्याचे नाव, गट क्रमांक आणि मागील पीक लिहिलेली चिठ्ठी सोबत द्यावी.