लहान ट्रॅक्टरला अनुरूप बॅकहोची निवड

फळबागेतील जलवाहिनी, निचऱ्याचे चर आणि लागवडीचे खड्डे यांसाठी २० ते ३० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला बॅकहो जोडण्याकडे शेतकऱ्यांचा ओढा असतो. निवड करताना बहुधा अश्वशक्ती व खोदाईची खोली एवढेच पाहिले जाते. प्रत्यक्षात ही जोडी पुढील तीन बाबींवर जुळते.

१. वजनाचा समतोल : मागे टांगलेले वजन पुढची चाके उचलू पाहते. वाहतुकीत एकूण वजनाचा किमान २० टक्के भार पुढील आसावर असावा, असा सर्वसाधारण नियम आहे. उदाहरणार्थ, ट्रॅक्टरचे वजन ९०० किलो, त्यापैकी पुढील आसावर ३६० किलो आणि दोन आसांमधील अंतर १.५ मीटर मानू. ३०० किलोच्या बॅकहोचा गुरुत्वमध्य मागील आसापासून ०.९ मीटर मागे असल्यास पुढील भार ३०० × ०.९ ÷ १.५ = १८० किलोंनी घटतो. उरलेले १८० किलो हे एकूण १,२०० किलोंच्या केवळ १५ टक्के होतात. पुढील आसाच्या ०.५ मीटर पुढे ६० किलोची वजने लावल्यास हे प्रमाण सुमारे २१ टक्के होते.

२. तेलाचा प्रवाह : दाबावर बळ ठरते, प्रवाहावर वेग. ६३ मिलिमीटर व्यासाच्या, ५० सेंटिमीटर पल्ल्याच्या सिलिंडरला सुमारे १.५६ लिटर तेल लागते. मिनिटाला २० लिटर प्रवाहात तो सुमारे पाच सेकंदांत पूर्ण उघडतो. १० लिटरमध्ये दुप्पट वेळ लागतो. प्रवाह अपुरा असल्यास पीटीओवर चालणारा स्वतंत्र पंप व तेलटाकी असलेले यंत्र निवडावे. रिलीफ व्हॉल्व्ह आवळून दाब वाढवू नये.

३. जोडणी : ही सर्वांत महत्त्वाची बाब होय. तीन-बिंदू जोडणी अवजार उचलण्यासाठी व ओढण्यासाठी असते. बहुतेक ट्रॅक्टरांत ती अवजाराला खाली दाबून धरू शकत नाही. त्यामुळे खोदताना बॅकहो वर उसळून चालक त्याच्या व ट्रॅक्टरच्या मध्ये चिरडला जाण्याचा धोका असतो. शिवाय खोदाईचे धक्के थेट मागील ओतीव कवचावर येऊन त्यास तडे जाऊ शकतात. सबफ्रेम हा भार ट्रॅक्टरच्या पुढील भागापर्यंत वाटून देते. म्हणून ट्रॅक्टर उत्पादकाने त्या मॉडेलसाठी मान्य केलेल्या सबफ्रेमसह येणारा बॅकहोच घ्यावा.

विस्तार कार्यकर्त्यांनी खरेदीपूर्वी ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेतील आसभार, पंपाचा प्रवाह व मान्य जोडणी या तीन नोंदी शेतकऱ्यासमवेत तपासाव्यात. यांपैकी एक जरी जुळत नसेल, तर वर्षातील थोड्या दिवसांच्या कामासाठी भाड्याचे यंत्र घेणे अधिक हिताचे ठरते.