तापलेली हवा आणि तिचा दाब

पंक्चर काढणाऱ्याच्या दुकानांतील हवेची लोखंडी टाकी तुम्हीं पाहिलीच असेल. ती विस्तवाजवळ ठेविली तर आंतील दाब किती वाढेल, असें आम्हीं वर्गांत विचारलें म्हणजे बहुतेकांचें उत्तर चुकतें. सबब त्याचा येथें थोडा विचार करूं.

हवेचे कण सदैव धांवत असतात व टाकीच्या बाजूंवर आदळत असतात. या आघातांचा जो परिणाम, तोच दाब होय. उष्णता दिली कीं कण अधिक वेगानें धांवतात. परंतु टाकी बंद असल्यामुळें त्यांस पसरावयास जागा मिळत नाहीं. अर्थात् आघात अधिक जोराचे व वरचेवर होऊन दाब वाढतो. फ्रान्समधील आमाँताँ या शास्त्रज्ञानें इ. स. १७०२ च्या सुमारास हा संबंध प्रयोगानें दाखविला.

आतां हिशेब पाहूं. बाहेरच्या हवेचा जो दाब आपणांवर नित्य असतो, त्यास १ वातावरण म्हणतात. समजा, टाकीवरील दाबमापक ७ वातावरणें दाखवितो व आंतील हवा २७ अंश सेंटिग्रेड आहे. ती ८७ अंशांपर्यंत तापविली. कोणी म्हणेल, २७ चे ८७ झाले, तेव्हां दाबहि तिपटीहून अधिक झाला! हें बरोबर नव्हे. येथें उष्णतामान शून्याखालीं २७३ अंशांपासून मोजावें लागतें; म्हणजे २७ चे ३०० व ८७ चे ३६० होतात. तसेंच दाबमापक बाहेरच्या हवेचा दाब सोडून आंकडा दाखवितो. तें १ वातावरण मिळविलें म्हणजे खरा दाब ८ होतो. आतां ८ ला ३६० नें गुणून ३०० नें भागा. उत्तर ९·६ येतें. त्यांतून १ वजा केला असतां दाबमापकावर ८·६ दिसतील.

परंतु हवेस पसरावयास वाव असेल तर निराळेंच घडतें. ती दट्ट्यास पुढें ढकलते. दाब फारसा न वाढतां आकारमान वाढतें, आणि तितक्याच हवेकडून अधिक काम होतें. फ्रान्समधील नांत शहरीं इ. स. १८७९ पासून मेकार्स्की याच्या पद्धतीच्या ट्रामगाड्या दाबलेल्या हवेवर चालूं लागल्या. अशी हवा यंत्रांत पसरतांना अतिशय थंड होते व तिच्यांतील ओलाव्याचें बर्फ होऊन यंत्र अडण्याची भीति असते. म्हणून ती हवा आधीं गरम पाण्यांतून नेत. त्यायोगें बर्फाचें संकट टळे व तीच हवा गाडीस अधिक लांब नेई.

बंद टाकींत मात्र हीच उष्णता घातक ठरते. आगीनें दाब वाढतो इतकेंच नव्हे, तर लोखंडहि दुबळें होतें. यास्तव टाकीची सुरक्षा-झडप कधींहि बांधून ठेवूं नये. टाकी विस्तवाजवळ ठेवूं नये. आणि भरलेल्या टाकीस वेल्डिंग करूं नये. ज्या पालकांच्या दुकानांत अशी टाकी असेल, त्यांनीं हा धडा मुलांकडून अवश्य वाचून घ्यावा.

शेवटीं एक उदाहरण: तीच टाकी २७ अंशांवरून १०२ अंशांपर्यंत तापली, तर दाबमापक काय दाखवील? ज्यांचें उत्तर ९ वातावरणें येईल, त्यांस हा विषय समजला असें आम्ही मानूं.