रेनबोत घालू का हिला?

अगं, आधी तो कुकर उतरव आणि शांत बस. तुझ्या मेसेजांची रांग बघून वाटलं, लेकीनं घर सोडून जायचं ठरवलंय की काय! वर्गातल्या मैत्रिणीनं रेनबो गर्ल्स नावाच्या मुलींच्या संस्थेत बोलावलंय, एवढंच ना? आणि ती मंडळी मेसॉनिक लॉजच्या हॉलमध्ये भेटतात, हे ऐकून तुझ्या पोटात गोळा आलाय. साहजिक आहे गं. आपल्याला गर्ल स्काउट्स माहीत, कारण त्या दुकानाबाहेर बिस्किटं विकतात. या मुली लांब गाऊन घालून बंद दारामागे काहीतरी पाठ म्हणतात म्हटल्यावर कुठलीही आई बिचकेल.

खरं सांगू का, मीही बिचकले होते. माझ्या लेकीबरोबर पहिल्यांदा पदग्रहणाच्या समारंभाला गेले ती जीन्स आणि मळका स्वेटशर्ट घालून. मला वाटलं, शाळेच्या जिममधली मीटिंग असेल. तिथे सगळ्या आज्या मोत्यांच्या माळा घालून बसलेल्या! तू आपली एखादी साधी सिल्कची साडी नेस. कौतुकच होईल.

तर बघ, हे रेनबोचं प्रकरण आहे 1922 सालचं. ओक्लाहोमा राज्यातलं मॅकॅलेस्टर नावाचं गाव. तिथल्या मार्क सेक्सन नावाच्या धर्मोपदेशकानं हे सुरू केलं. ते स्वतः मेसन, म्हणजे फ्रीमेसन या बंधुसंघाचे सभासद होते. मेसन मंडळींच्या मुलग्यांसाठी कॅन्सस सिटीत 1919 साली डीमोले नावाची संघटना निघाली होती. मग मुलींनी काय करायचं? 1922च्या एप्रिलमध्ये पहिल्याच खेपेला 171 मुली आल्या. सुरुवातीला मेसन घरातल्या मुली आणि त्यांच्या मैत्रिणी, एवढ्यांनाच दार उघडं होतं. आता तसं नाही. साधारण 11 ते 20 वर्षांची कुठलीही मुलगी अर्ज करू शकते. जॉब्ज डॉटर्स ही मेसन मंडळींशी जोडलेली मुलींची दुसरी संस्था, ती वेगळी बरं का. ती 1920 सालची, नेब्रास्कातल्या ओमाहाची, एथेल मिक नावाच्या बाईंनी काढलेली. नावं ऐकून गोंधळू नकोस.

आता सासूबाईंचा व्हिडिओ. फ्रीमेसन म्हणजे काहीतरी काळी जादू, असं त्यांना कोणीतरी पाठवलंय. त्यांना म्हणावं, मुंबईत फोर्टात फ्रीमेसन्स हॉल उभा आहे, आणि भारतीय माणसांना घेणारं लॉज मुंबईत 1843 सालीच निघालं होतं. तेवढ्यानं भागलं नाही तर हुकमाचं पान काढ: खुद्द विवेकानंद, म्हणजे तेव्हाचे नरेंद्रनाथ, 1884 साली कलकत्त्याच्या लॉजमध्ये दाखल झाले होते. बघ कशा गप्प होतात.

पण बायबलचा प्रश्न तू विचारलास तो मात्र खरा आहे, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. सभागृहाच्या मध्यभागी वेदी असते, तिच्यावर बायबल असतं, आणि प्रार्थनाही होते. सगळी कल्पनाच बायबलातल्या नोहाच्या गोष्टीतल्या इंद्रधनुष्यावर उभी आहे. मुलीनं ख्रिस्ती असावं अशी अट नाही, देव मानावा एवढीच अपेक्षा आहे. तुला ते चालणार असेल तर पुढे जा. नसेल चालणार तर आत्ताच सांग, उगाच सहा महिन्यांनी कुरकुर नको. माझं मत विचारशील, तर आपल्यातल्या निम्म्या मुली कॉन्व्हेंटात प्रार्थना म्हणत वाढल्या आणि घरी येऊन शुभंकरोतिही म्हणाल्या. पण देव्हारा तुझ्या घरचा आहे, निर्णय तूच घे.

आणखी एक गोष्ट, जी तुला तिथलं कोणी आपणहून सांगणार नाही. आपल्या लेकी सावळ्या आहेत, म्हणून तुला माहीत असायलाच हवी. ही संस्था कितीतरी वर्षं फक्त गोऱ्या मुलींची होती. 1976 साली आयोवातल्या इंडियनोला गावच्या शाखेनं एका मिश्रवर्णीय मुलीला आत घेतलं, आणि वरिष्ठांनी त्यापायी अख्ख्या राज्यातल्या शाखाच बाहेर काढल्या. नंतर तो अलिखित नियम गेला. हे तुला घाबरवायला सांगत नाही. तू जाशील तेव्हा भिंतीवरच्या जुन्या फोटोंपेक्षा खुर्च्यांवर बसलेल्या मुली बघ. तुझी लेक तिथे कोणाशी बोलते, तिच्याशी कोण आपणहून बोलतं, हे पाहा. अर्ध्या तासात कळतं गं आईला.

आता मुलींना तिथे मिळतं काय? शाळेतलं आपलं ‘तानापिहिनिपाजा’ आठवतं का? तिथे सात रंगांच्या सात मुली असतात. तांबडा म्हणजे प्रेम, नारिंगी धर्म, पिवळा निसर्ग, हिरवा अमरत्व, निळा निष्ठा, पारवा देशप्रेम, जांभळा सेवा. प्रत्येकीला आपल्या रंगाचा उतारा पाठ म्हणायचा असतो, तोही कागद न बघता, सगळ्यांसमोर उभं राहून. घरी पाहुण्यांना नमस्कार करतानाही तोंड उघडत नाहीत या मुली, आणि तिथे खणखणीत बोलतात. चालायचं कसं, तेही ठरलेलं. कोपऱ्यावर गोल वळायचं नाही, काटकोनात वळायचं. माझी लेक महिनाभर ओट्याकडून फ्रीजकडे तशीच जात होती.

खरी गंमत पुढे आहे. फेथ, होप, चॅरिटी, मग वर्दी असोसिएट अ‍ॅडव्हायझर आणि शेवटी वर्दी अ‍ॅडव्हायझर अशी पायऱ्यांची चढण असते. एकेका पदाची मुदत चार महिन्यांची, नाहीतर सहा महिन्यांची, जशी शाखा असेल तशी. म्हणजे एकदा फेथ झाली की वीस महिने ते अडीच वर्षं ती त्यात अडकली. या आकड्यावर तू नीट विचार कर. वर्दी अ‍ॅडव्हायझर झाली की सभा तिनं चालवायची, हातोडा तिच्या हातात. तिच्या मुदतीत सेवेचं काम कुठलं, पैसे कसे उभे करायचे, प्राण्यांच्या निवाऱ्याला मदत की फूड बँकेत डबे लावायचे, हे मुली ठरवतात. मदर अ‍ॅडव्हायझर आणि इतर मोठी माणसं बाजूला बसतात. राज्याच्या पातळीवरही मुलींमधूनच एक प्रमुख असते.

आणि इथेच तू घोटाळा करशील, लिहून ठेव. मला तुझा स्वभाव माहीत आहे. लेकीचा सायन्स प्रोजेक्ट तूच चिकटवतेस ना रात्री? इथे तसं चालत नाही. बेक सेलला ती कमी केक करेल, फोन करायचा विसरेल, आभार मानताना एखादीचं नाव गाळेल. गाळू दे. पुढच्या सभेत तीच दुरुस्त करेल. बाकीच्या पोरीही तेच शिकत असतात, आणि हसतच असतात. मी मागच्या रांगेतून ओठ हलवून शब्द पुरवायची. शेवटी लेकीनंच बजावलं, आई, प्लीज खाली बघ.

वेळेचं म्हणशील तर बऱ्याच शाखांच्या महिन्यातून दोन सभा असतात. त्यांच्या तारखा आणि मराठी शाळेचं वेळापत्रक आधी शेजारी शेजारी ठेवून बघ. गणपतीच्या शनिवारी सभा आली तर सरळ सांगायचं, आमच्याकडे सण आहे. लोक समजून घेतात. सांगितलंच नाही, तर मात्र त्यांना कळणार कसं? पैशांचं विचारायला लाजू नकोस. प्रवेशाचे किती, वर्षाचे किती, गाऊन कसला लागतो, सगळं पहिल्याच फोनवर विचार. गाऊन नवा घेऊच नकोस. ही वयं वाढीची आहेत, आणि मोठ्या मुलींचे गाऊन कपाटात पडलेले असतात. खांद्यावर दोन टाके घातले की झालं. तुझा हात शिवणात माझ्यापेक्षा बरा आहे.

आधी पदग्रहणाचा समारंभ बघून ये, तो पाहुण्यांना खुला असतो. दोघी जा. परत येताना गाडीत तू काही बोलू नकोस, तिला बोलू दे. आणि हो, तो फॉर्म मला पाठवू नकोस, तिच्याच हातात दे. भरताना अडली तर मदर अ‍ॅडव्हायझरना फोन तिलाच लावायला सांग.