तेरीज कशानें काढावी ?

लांबलचक हिशेबाचा जो थोडक्यांत गोषवारा, त्यास आपल्या जुन्या दप्तरांत तेरीज म्हणत. आतां शाळेचें ग्रंथालय असो कीं वडिलांचें दुकान, नोंदी संगणकांत होतात, आणि तेथून त्या बहुधा सीएसव्ही नांवाच्या साध्या मजकुराच्या फाइलींत बाहेर काढतां येतात. तींत प्रत्येक ओळ म्हणजे एक नोंद, व स्वल्पविरामांनीं वेगळे केलेले तिचे रकाने. विद्यार्थिमित्रहो, अशी फाइल हातीं आली कीं आपण ती लागलीच एक्सेलमध्यें उघडून बेरजा मांडूं लागतां. परंतु फाइल ज्यांत उघडते तेंच साधन तेरीज काढण्यास योग्य असेल असें नाहीं.

इंग्लंडांतील इ. स. २०२० मधील गोष्ट पाहा. कोविडच्या सांथींत प्रयोगशाळांकडून आलेल्या सीएसव्ही फाइली पब्लिक हेल्थ इंग्लंड ही सरकारी संस्था एक्सेलच्या जुन्या, एक्सएलएस धाटणीच्या तक्त्यांत भरीत असे. अशा तक्त्यांत ६५,५३६ हून अधिक ओळी मावत नाहींत. आणि एकेका रुग्णास अनेक ओळी लागत असल्यामुळें एका तक्त्यांत सुमारें १,४०० रुग्णच बसत. तक्ता भरला, पुढील नोंदी गळाल्या, आणि कित्येक दिवस तें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर एवढ्या अवधींत १५,८४१ रुग्ण दैनिक आंकड्यांतून सुटले. रुग्णांना स्वतःचा निकाल कळला होता. परंतु त्यांच्या सहवासांत आलेल्यांचा शोध लांबणीवर पडला, आणि रोग कांहीं तोंवर थांबून राहिला नव्हता.

म्हणून प्रथम ओळी मोजाव्या. २००७ पासूनच्या एक्सेलमध्यें १०,४८,५७६ ओळी मावतात. मोफत मिळणाऱ्या लिब्रऑफिस कॅल्कमध्येंही तितक्याच. शाळेच्या कामास एवढें पुष्कळ झालें.

नंतर प्रश्न पाहावा. समजा, ग्रंथालयाच्या फाइलींत तारीख, इयत्ता, विषय व पुस्तक असे रकाने असून ४,००० ओळी आहेत. आठवीनें किती पुस्तकें नेलीं, एवढाच ठराविक प्रश्न असेल तर काउंटइफ हें सूत्र पुरें. मूळ नोंद बदलली कीं उत्तरही आपोआप बदलतें. परंतु कोणती इयत्ता कोणत्या महिन्यांत किती वाचते, मग तेंच विषयवार, असे प्रश्नांतून प्रश्न निघूं लागले, तर प्रत्येकासाठीं सूत्र लिहीत बसणें व्यर्थ होय. येथें पिव्हट टेबल हें साधन उत्तम. इयत्ता डावीकडे व महिना माथ्यावर ओढून ठेवावा, कीं तेरीज तयार. न पटल्यास रकान्यांची अदलाबदल करावी, मूळ नोंदींस धक्का लागत नाहीं. गणितास भिणाऱ्यांनींही हें अवश्य करून पाहावें. मात्र एक्सेलमध्यें मूळ नोंदी बदलल्या तरी ही तेरीज सामान्यतः जुनीच राहते. ती ताजी करण्याची आज्ञा द्यावी लागते.

सरासरीच्या कामींही मूळ ओळींवरून केलेलें पिव्हट टेबल उपयोगी पडतें. एका तुकडींत ४० मुलें, सरासरी गुण ५०; दुसरींत १० मुलें, सरासरी ८०. या दोन सरासऱ्यांची सरासरी ६५ येते, व ती पाहून पालक संतुष्टही होतील. परंतु एकंदर २,८०० गुण ५० मुलांत वांटले असतां खरी सरासरी ५६ च भरते. पिव्हट टेबलाच्या एकूण ओळींत हेच ५६ दिसतील.

ओळी दहा लाखांपलीकडे गेल्या, तर एसक्यूएल भाषेंत प्रश्न विचारतां येणारा माहितीसंग्रह बरा. एसक्यूलाइट मोफत आहे. तीच कृति दरमहा करावयाची असल्यास ती पायथनमध्यें एकदां लिहून ठेवावी, म्हणजे दुसऱ्यास पायरीपायरीनें तपासतां येते. पन्नास ओळींसाठीं मात्र हा खटाटोप कशाला ?

एक्सेलमध्यें फाइल नुसती उघडल्यास ००७ या क्रमांकाचा ७ होतो. म्हणून असा रकाना मजकूर म्हणून आंत घ्यावा. शेवटीं तेरजेंतील एकूण संख्येचा मूळ ओळींशीं मेळ घालावा. सूत्रांनीं काढलेल्या इयत्तावार आंकड्यांची बेरीज ४,००० ऐवजीं ३,९८७ भरली, तर उरलेल्या १३ ओळी सांपडेपर्यंत तो कागद सूचनाफलकावर लावूं नये. बहुधा कोणी तरी ‘आठवी’ ऐवजीं ‘८ वी’ लिहिलेलें आढळेल. पिव्हट टेबलांत अशा ओळी निराळ्या मथळ्याखालीं उघड दिसतात.