४७३ म्हणजे किती?

सातारा

चि. निखिल यास,


सर्किटमध्ये ०.०४७ मायक्रोफॅरड लिहिलंय आणि बुधवार पेठेतल्या दुकानदाराने ४७३ छापलेला कंडेन्सर हातात ठेवला. तो बरोबर आहे का, असं तू विचारलंस. बरोबर आहे. पण हे दर वेळी मामाला विचारावं लागू नये, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तीन आकड्यांतले पहिले दोन जसेच्या तसे घ्यायचे. तिसरा आकडा पुढे किती शून्यं द्यायची ते सांगतो. ४७ वर तीन शून्यं, म्हणजे ४७,०००, आणि हे पिकोफॅरड. हजाराने भागलंस की ४७ नॅनोफॅरड, पुन्हा हजाराने भागलंस की ०.०४७ मायक्रोफॅरड. तसंच १०४ म्हणजे एक लाख पिको, शंभर नॅनो, दुकानात ज्याला ‘पॉइंट वन’ म्हणतात तो. मात्र १०० छापलं असेल तर घाई करू नकोस. नियमाने ते १० पिको होतात, पण काही जण सरळ शंभर पिको या अर्थीही छापतात. तिथे मीटरने मोजावं. आकड्यांमागचं अक्षर ‘जे’ असेल तर किंमत पाच टक्के इकडेतिकडे, ‘के’ला दहा, ‘एम’ला वीस. वीस टक्के सूट असलेल्या वस्तूचा हिशेब चार दशांशांपर्यंत कशाला करायचा?

फॅरड हे मूळ एकक रोजच्या कामाला अवाढव्य आहे. अख्ख्या पृथ्वीला एकटा गोळा मानून तिची धारकता काढली, तर ती जेमतेम ७१० मायक्रोफॅरड भरते. एक फॅरडचा गोळा करायचा तर त्रिज्या ९० लाख किलोमीटर लागेल, सूर्याच्या त्रिज्येच्या सुमारे तेरा पट! आता सुपरकपॅसिटर कित्येक फॅरडचे मिळतात, ती गोष्ट निराळी. आपलं काम फॅरडच्या दहा लाखाव्या भागात आणि त्याहून खाली चालतं.

फोनवर रूपांतर करतोस, खुशाल कर. पण एकक चुकीचं निवडलंस तर फोन चुकीचं उत्तरही सहा दशांशांपर्यंत बिनचूक देतो. ते पकडायला अंदाज लागतो, आणि माझ्या मते गुणाकार-भागाकारापेक्षा तोच आधी बसायला हवा. रेडिओच्या ट्यूनिंगमध्ये पिको. छताच्या पंख्याला अडीच किंवा ३.१५ मायक्रो. पॉवर सप्लायच्या फिल्टरला शेकडो-हजारो मायक्रो. उत्तर या चौकटीत बसत नसेल तर दशांश चिन्ह कुठेतरी घसरलंय असं समज.

आजोबांचा व्हॉल्व्ह रेडिओ उघडणार आहेस म्हणून आणखी एक. जुन्या अमेरिकी नकाशांत छोटे ‘एम-एफ’ दिसले तर ते मिली नव्हे, मायक्रो. ‘एम-एम-एफ’ म्हणजे मायक्रो-मायक्रो, आजचा पिको. आज मात्र छोटा ‘एम’ आणि मोठा ‘एफ’ म्हणजे मिलीफॅरड, हजार मायक्रो. जुन्या-नव्याची गल्लत झाली तर हजारपटीचा फरक पडतो. जुना जर्मन सेट असेल तर कंडेन्सरवर चक्क सेंटिमीटर छापलेले सापडतील. ती लांबी नव्हे, जुन्या पद्धतीची धारकताच. एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे १.११ पिकोफॅरड, तेव्हा ५०० सेंटिमीटरचा कंडेन्सर साधारण ५५६ पिकोचा.

व्होल्टचा आकडा मात्र कधीच सोडू नकोस. मायक्रोफॅरड जुळले म्हणून ४४० व्होल्ट एसीच्या पंख्याच्या कंडेन्सरच्या जागी पॉवर सप्लायचा इलेक्ट्रोलिटिक बसवला तर तो फुटेल.

रेडिओ उघडताना प्लग काढलास तरी मोठ्या फिल्टर कंडेन्सरमध्ये चार्ज राहतो. काही किलोओहमचा, पुरेशा वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड वायरने जोडून तो उतरव, मग मीटर लावून शून्य आलंय का पाहा. एक हात खिशात ठेव. आतले मेणकागदी कंडेन्सर बहुधा गळके निघतील, ते बदल. अभ्रकाचे सहसा चांगले असतात, त्यांना उगीच हात लावू नकोस. यादी करताना प्रत्येकापुढे किंमत पिकोत लिही आणि व्होल्टही लिही. ती मला पाठवलीस तर इथे काय मिळतं ते बघतो.

तुझा,
मामा