व्यक्तिचित्राच्या बैठकीत फोटो काढावेत का?

प्रश्न : मी घरच्या स्टुडिओत समोर बसवून व्यक्तिचित्रं करते. बसणारे लवकर थकतात, म्हणून मोबाइलवर फोटो काढून ठेवते. काही फोटो इन्स्टाग्रामवरही टाकते. यात काही गैर आहे का?

उत्तर : संदर्भासाठी जरूर काढा, पण विचारून. चित्रासाठी होकार म्हणजे इन्स्टाग्रामसाठी होकार नव्हे. दोन्ही परवानग्या वेगवेगळ्या घ्या, तेही ब्रश हाती घेण्याआधी, चार ओळी लिहून. मूल असेल तर आईवडिलांची सही हवीच. कॉपीराइट कायदा, 1957 चं कलम 17 बहुतेक चित्रकारांच्या गावीही नसतं. कुणी मोबदला देऊन व्यक्तिचित्र किंवा फोटो करवून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक तो ग्राहक असतो! प्रिंट विकायच्या असतील तर करारात तसं स्पष्ट लिहा.

आता फोटोविषयी. मोबाइल चेहऱ्याजवळ नेला की नाक फुगतं, कान मागे जातात आणि ती चूक थेट कॅनव्हासवर उतरते. सहा-सात फूट मागे उभ्या राहा, कॅमेरा बसणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर धरा. फ्लॅश बंद ठेवा, खिडकीचा एका बाजूचा उजेड पुरे. एक फोटो उजळ भागासाठी, एक सावलीसाठी घ्या. सावलीतले रंग फोटोत काळवंडतात, ते मात्र समोर बघूनच टिपा. आणि माणूस अवघडून बसलेला असताना फोटो नको. विश्रांतीला उठून तो पुन्हा टेकतो, तेव्हा खांदे सैल असतात. तेव्हा काढा.