दुचाकी आणि आपले आरोग्य

आरोग्याच्या पानावर गाडी कशी आली, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. आजवर या पानावर आपण रक्तदाब, मधुमेह, सिकलसेल, बाळंतिणीचा आहार असे विषय पाहिले. पण वस्तीत घरोघरी बसून बोलताना एक गोष्ट आमच्या सारखी लक्षात येते. घरात फ्रीज नसेल, पण दारात दुचाकी असते. ती नवी असो की तिसऱ्या हाताची, घरातल्या माणसांचे काम, झोप, दवाखाना आणि पाहुणचार तिच्यावर चालतो. जिच्यावर माणूस रोज तास-दोन तास बसतो, तिचा शरीराशी आणि मनाशी संबंध असणारच. म्हणून या अंकात दुचाकीचा धडा घेऊ. तिच्यामुळे आरोग्याला काय मिळते, काय जाते आणि जाणारे कसे थांबवायचे, एवढे तीनच प्रश्न आहेत.

वाचलेला वेळ म्हणजे झोप

एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला जाणाऱ्या माणसाचे उदाहरण घ्या. पाळी रात्री अकराला सुटते. शेवटची बस गेलेली असते. मग शेअर रिक्षाची वाट, अर्धे अंतर पायी, आणि घरी पोहोचेपर्यंत साडेबारा. सकाळी नळाला पाणी येते म्हणून पाचला उठायचे. साडेचार तासांच्या झोपेवर महिनेच्या महिने काढले तर चिडचिड वाढते, रक्तदाब वाढतो, साखर ताब्यात राहत नाही. हाच माणूस स्वतःच्या गाडीवर साडेअकराला घरी येतो. एका तासाची झोप हे औषधाच्या गोळीइतकेच मोलाचे आहे.

दवाखान्याचेही तसेच. सरकारी रुग्णालयात केसपेपर सकाळी लवकर निघतो. गाडी असली की सिकलसेलच्या मुलाची तपासणी किंवा आजीचे डोळे दाखवणे ‘पुढच्या आठवड्यात’ ढकलले जात नाही. एक मात्र लक्षात ठेवा. बाळंतपणाच्या कळा, छातीत दुखणे, मोठी जखम किंवा बेशुद्धी असेल तर रोग्याला गाडीवर मध्ये धरून नेऊ नका. १०८ ला फोन करा.

मनाला काय मिळते

कामावरून घरी येणारे अनेक जण सांगतात, ‘गाडीवर बसलो की डोके हलके होते.’ हे नुसते वाटणे नाही. दुचाकी चालवताना डोळे रस्त्यावर, कान मागच्या हॉर्नवर, हात क्लच-ब्रेकवर आणि सारे शरीर तोल सांभाळण्यात असते. साहेबाचे बोलणे, उधारी, घरातला वाद हे मनात घोळवायला जागा उरत नाही. मन समोरच्या क्षणावर राहते.

यावर अभ्यासही झाले आहेत. जपानच्या तोहोकू विद्यापीठात डॉ. र्‍युता कावाशिमा यांनी चाळिशी-पन्नाशीतले पुरुष निवडले. त्यांच्याकडे परवाना होता, पण दहा-दहा वर्षे त्यांनी मोटारसायकल चालवली नव्हती. त्यांतील काहींना दोन महिने रोजच्या प्रवासासाठी मोटारसायकल दिली. त्यांची स्मरणाची व आकलनाची कसोटी न चालवणाऱ्यांपेक्षा सुधारली आणि मनावरचा ताण कमी झाला, असे त्यांनी २००९ साली सांगितले. अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे ५० अनुभवी चालकांना वीसेक मिनिटे गाडी चालवायला लावून त्यांच्या मेंदूच्या लहरी, नाडी आणि संप्रेरके तपासली. नाडी ११ टक्क्यांनी वाढली, तर ताण दाखवणारी रसायने २८ टक्क्यांनी घटली. लक्षही अधिक एकाग्र झाले.

मात्र पहिल्या अभ्यासामागे यामाहा आणि दुसऱ्यामागे हार्ले-डेव्हिडसन या मोटारसायकल बनवणाऱ्याच कंपन्या होत्या, आणि तपासलेली माणसेही थोडी होती. म्हणून हे आकडे पडताळूनच घ्यावेत. शिवाय हा लाभ मोकळ्या रस्त्यावर, शांतपणे चालवणाऱ्याचा आहे. मोबाईलवर पुढच्या ऑर्डरची घंटा वाजत असताना बारा तास गाडी हाकणाऱ्या आपल्या मुलांची ती विश्रांती नव्हे, ते अंगमेहनतीचे काम आहे. त्यांना दर दोन तासांनी दहा मिनिटे उतरणे, पाणी पिणे आणि आठवड्याची सुट्टी हवीच.

आणखी एक गैरसमज. नाडी वाढते म्हणून गाडी चालवणे हा व्यायाम होत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायलाही किक मारणाऱ्याचे पोट सुटते. एक किलोमीटरच्या आतले अंतर पायीच जा.

चाळीसगावचा टांगा आणि आजची स्कुटी

१९२९ साली बाबासाहेब धुळ्याहून परतताना चाळीसगावला उतरले. वस्तीतील लोकांनी त्यांच्यासाठी टांगा ठरवला, पण अस्पृश्याचा टांगा हाकणे कमीपणाचे म्हणून टांगेवाला चालवायला तयार होईना. तो टांगा द्यायला तयार होता, हाकायला नाही. शेवटी वस्तीतल्याच एका माणसाने लगाम हाती घेतला. त्याला सवय नव्हती. मोरीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये त्यांनी हा प्रसंग स्वतः लिहिला आहे.

आरोग्याच्या दृष्टीने यात दोन धडे आहेत. स्वतःचे वाहन असले की कोणाच्या होकाराची वाट पाहावी लागत नाही, आणि त्याने मान ताठ राहते. दुसरा धडा असा, की वाहन चालवणे हे शिकण्याचे काम आहे, आणि न शिकता लगाम धरला तर आपलाच जवळचा माणूस जायबंदी होतो.

आमच्या ओळखीच्या एक ताई आशा सेविका आहेत. बेचाळिसाव्या वर्षी त्या स्कुटी शिकल्या. आधी घरातूनच विरोध झाला. ‘या वयात पडलीस तर?’ असे सासूबाई म्हणाल्या. ताईंनी पंधरा दिवस पहाटे शाळेच्या मैदानावर सराव केला, शिकाऊ लायसन काढले, मग पक्के. आज रात्री-अपरात्री बोलावणे आले तर त्या कोणाची वाट पाहत नाहीत. ‘गुडघे तेच आहेत, पण भीती गेली,’ असे त्या सांगतात. आता त्याच सासूबाई त्यांच्या मागे बसून डोळ्यांच्या तपासणीला जातात. आपल्या सुनांना आणि मुलींना गाडी शिकू द्या. मुलाला सोळाव्या वर्षी चोरून किल्ली देण्यापेक्षा मुलीला अठराव्या वर्षी लायसन काढून देणे कितीतरी शहाणपणाचे. अठरा वर्षांखालील मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

शरीराची काळजी

पाठ आणि कंबर : पाठीचा पोक काढून बसू नका. गुडघे टाकीला टेकलेले, कोपरे किंचित वाकलेली, खांदे सैल ठेवा. खड्डा दिसला की वेग कमी करा, म्हणजे धक्का मणक्यापर्यंत जाणार नाही. तासाभराने उतरून कंबर मागे-पुढे वाकवा. पाय बधिर होत असतील किंवा कळ कंबरेतून पायात जात असेल तर डॉक्टरांना दाखवा.

डोळे आणि फुप्फुसे : धूळ व किडे डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून हेल्मेटची काच खाली ठेवा. ओरखडे पडलेली काच बदला, रात्री समोरच्या दिव्याने डोळे दिपतात. धुराच्या रस्त्यावर मास्क लावा.

कातडी : घामाने भिजलेल्या हेल्मेटमुळे डोक्यात बुरशी आणि खाज होते. आत सुती रुमाल बांधा, तो रोज धुवा, हेल्मेट उन्हात वाळवा. जांघेत घाम साचून नायटा होतो, म्हणून सैल सुती कपडे घाला.

पदर आणि ओढणी : चाकात ओढणी अडकून गळ्याला फास बसतो. बसण्यापूर्वी पदर खोचा, ओढणीला गाठ मारा. मागच्या चाकाचे किमान अर्धे अंग झाकणारे आवरण, धरायचा दांडा आणि पायठेवण हे तीनही केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे बंधनकारक आहेत. जुन्या गाडीचे साडीगार्ड काढून टाकलेले असेल तर परत बसवून घ्या.

कोणी सावध राहावे

फिट येणाऱ्याने गाडी चालवू नये, त्याने फक्त स्वतःचा जीव नाही तर रस्त्यावरच्या इतरांचाही धोक्यात येतो. इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशीपोटी निघू नये, खिशात साखर किंवा गोळ्या-बिस्किटे ठेवावीत. हातपाय थरथरले, दरदरून घाम आला की लगेच बाजूला थांबावे. सर्दी-खोकल्याच्या व झोपेच्या काही गोळ्यांनी गुंगी येते, औषध घेताना ‘गाडी चालवली तर चालेल का’ असे विचारावे. मोतीबिंदू असलेल्याने रात्री चालवू नये. गरोदर बहिणींनी खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकी टाळावी आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आणि दारू. ‘थोडीच घेतली आहे’ म्हणणाऱ्याचा हात ब्रेकवर उशिरा जातो, तेवढा उशीर पुरतो. पाचवे शील आपण वंदनेत म्हणतो, ते गाडीची किल्ली हातात घेतानाही आठवावे.

हेल्मेट खुंटीवर नको

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण होते आणि त्यांतले १४ हजारांहून अधिक मागे बसलेले होते. हेल्मेटमुळे मरणाचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असे अनेक अभ्यास एकत्र तपासून जगभरातील तज्ज्ञांनी सांगितले आहे.

आमच्या वस्तीतील एक तरुण १४ एप्रिलच्या रॅलीतून रात्री परतताना दुभाजकावर आदळला. पुढे दोन मित्र, मागे तो. हेल्मेट होते, पण घरात खुंटीला टांगलेले. निळा फेटा बांधायचा म्हणून घातले नाही. त्याची आई आजही ते हेल्मेट खाली काढू देत नाही. हे लिहिताना आमचा हात जड होतो, पण लिहिले नाही तर पुढच्या वर्षी दुसऱ्या घरात तेच होईल. रॅलीत ट्रिपलसीट, स्टँडवर उभे राहणे, सायलेन्सर काढणे यात बाबासाहेबांचा मान नाही. फेटा डिकीत ठेवा, चौकात पोहोचून बांधा. विजयादशमीला दीक्षाभूमीवर किंवा ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर गाडीने जाणाऱ्यांनीही रात्रभर चालवू नये. डोळे मिटू लागले की चहा उपयोगी पडत नाही, झोपच घ्यावी लागते.

हेल्मेट आयएसआय शिक्क्याचेच घ्या. रस्त्याच्या कडेला दीडशे रुपयांत मिळते ती टोपी आहे. हनुवटीखालचा पट्टा बंद केल्यावर आत जेमतेम दोन बोटे मावली पाहिजेत. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बदला. चार वर्षांवरील मुलालाही हेल्मेट लागते. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी हेल्मेट आणि चालकाला बांधणारा पट्टा हवा, वेग ४० किलोमीटरच्या आत हवा.

अपघात झालेला दिसला तर थांबा. जखमीची मान हलवू नका, हेल्मेट ओढून काढू नका, बेशुद्धाला पाणी पाजू नका. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड दाबा आणि १०८ लावा. मदत करणाऱ्याला स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती पोलीस किंवा दवाखाना करू शकत नाही. तसा कायदाच आहे.

हप्ता आणि विमा

कर्जाचा हप्ता हाही आरोग्याचाच विषय आहे. हप्त्यासाठी डाळ-दूध तोडावे लागत असेल तर ती गाडी घराला परवडत नाही. जुनी चांगली गाडी घ्या, पण कागद आपल्या नावावर करून घ्या. गाडीमालकासाठी १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते. ते गाडी ज्याच्या नावावर आहे आणि ज्याच्याकडे लायसन आहे, अशा मालक-चालकाला मिळते. मामाच्या नावावरची गाडी भाचा चालवत असेल तर तो त्यात बसत नाही. त्याने वेगळा अपघात विमा काढावा. विमा संपल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

या रविवारी घरी करा

१. टायरची हवा, दोन्ही ब्रेक, पुढचा-मागचा दिवा, इंडिकेटर आणि दोन्ही आरसे तपासा.
२. घरात जितकी माणसे गाडीवर बसतात तितकी हेल्मेट आहेत का, मोजा. एक कमी असेल तर पुढच्या पगारात पहिली खरेदी तीच.
३. लायसन, आरसी, विमा आणि पीयूसीच्या तारखा घरातल्या सर्वांसमोर वाचा.
४. प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये घरच्या दोन माणसांचे क्रमांक आणि रक्तगट लिहून ठेवा.
५. शिकायची इच्छा असलेल्या बाईला किंवा मुलीला मैदानावर अर्धा तास गाडी द्या, आणि शेजारी उभे राहा. ओरडू नका.

हे झाले की कुटुंबातल्या दोघांनी मिळून जवळच्या तळ्यापर्यंत, विहारापर्यंत किंवा शेतापर्यंत संथपणे एक फेरी मारून या. जाताना हॉर्न नको, घाई नको. वाऱ्याने डोके हलके होईल, आणि घरी वाट पाहणाऱ्यांचेही.